माळ तुटते तेव्हा : एलईडींच्या माळेसाठी बूस्ट कन्व्हर्टर रचण्याविषयी अनुभवाचे बोल

बारा व्होल्टच्या बॅटरीवर तीनपेक्षा अधिक पांढरे एलईडी एकाच माळेत, म्हणजे एकामागून एक असे एकसर जोडून, पेटवायचे असतील तर बॅटरीचा दाब अपुरा पडतो. कारण प्रत्येक पांढऱ्या एलईडीला उजळण्यासाठी सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि दहा एलईडींच्या माळेची गरज तीस व्होल्टच्या पुढे जाते. कमी दाबाची वीज घेऊन ती अधिक दाबाने पुढे देणाऱ्या परिपथाला बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात. शहापूर-मुरबाड पट्ट्यात, किन्हवली आणि तिच्या आसपासच्या गावापाड्यांवर, हा परिपथ प्रामुख्याने दोन रूपांत आढळतो. पावसाळ्यात वीज गेली की लावला जाणारा सौर बॅटरीवरचा दिवा हे त्याचे एक रूप होय, आणि एलईडी टीव्हीच्या पडद्यामागची प्रकाशपट्टी हे दुसरे. ही पट्टी बंद पडली की 'आवाज येतो, पण चित्र दिसत नाही' अशी तक्रार घेऊन संच दुरुस्तीच्या दुकानात येतो. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव सारखाच आहे, तो असा की नेमून दिलेले काम सुरळीत चालू असताना हा परिपथ सहसा जळत नाही. तो जळतो तो माळ तुटल्यावर, बॅटरी उतरल्यावर किंवा एलईडी तापल्यावर. पुस्तकांतील बहुतेक उदाहरणे मात्र सुरळीत अवस्थेचे गणित मांडून थांबतात, आणि म्हणून पुढील विवेचनात बिघाडाच्या अवस्थांना अधिक जागा दिली आहे.

घरगुती विजेवर चालणारे एलईडी बल्ब ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उजाला योजनेनंतर झपाट्याने स्वस्त झाले आणि त्यांच्या आतील परिपथाचा विचार करण्याची वेळ गावातील कारागिरावर क्वचितच येते, कारण बल्ब गेला की तो टाकून नवा आणला जातो. बॅटरीवरच्या दिव्याचे तसे नाही. पॅनेल, बॅटरी आणि दिवा यांचा मेळ जागेवरच घालावा लागतो आणि दिवा बंद पडला तर तो दुरुस्त करणारा माणूस जवळपास असावा लागतो. मुंबईच्या आयआयटीने दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत सौर अभ्यासदिवे पोहोचवण्याचा जो उपक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांत राबवला, त्यात दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती स्थानिक लोकांच्याच हाती देण्यावर भर होता. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या विज्ञान आश्रमाचा आग्रहही पूर्वीपासून असाच राहिला आहे, की तंत्र गावातल्या हातांना यावे. या दृष्टीने पाहता बूस्ट कन्व्हर्टर हा शिकण्याजोगा परिपथ आहे, मात्र तो दिसतो तितका सोपा नाही.

त्याचे चार मुख्य घटक आहेत : तांब्याच्या तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, विजेची वाट क्षणोक्षणी जोडणारा-तोडणारा स्विच म्हणजे मॉस्फेट, प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड आणि वीज साठवून ठेवणारा कंडेन्सर. स्विच मिटला, म्हणजे वाट जोडली गेली, की बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून थेट जमिनीकडे, म्हणजे ऋण टोकाकडे, वाहतो आणि कॉइलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच उघडला की कॉइल आपला प्रवाह एकाएकी थांबू देत नाही, आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्याची तोटी झटकन बंद केल्यावर नळात जसा ठोका बसतो, तसा कॉइलच्या टोकाशी दाब उसळतो व तो बॅटरीच्या दाबात मिळून डायोडमार्गे कंडेन्सरमध्ये आणि माळेत जातो. ही क्रिया सेकंदाला एक लाख वेळा घडली तर तिची वारंवारता १०० किलोहर्ट्झ आहे असे म्हणतात. प्रत्येक आवर्तनाचा जितका भाग स्विच मिटलेला असतो, त्या भागाला कार्यांश म्हणू. आदर्श परिस्थितीत बाहेरचा दाब हा आतल्या दाबाला 'एक उणे कार्यांश' या संख्येने भागून मिळतो. म्हणजे कार्यांश अर्धा असेल तर दाब दुप्पट आणि दोन-तृतीयांश असेल तर तिप्पट.

प्रत्यक्ष आकड्यांचे एक उदाहरण घेतल्यास पुढचे बोलणे सोपे होईल. एक वॅटचे दहा पांढरे एलईडी एकसर जोडले, त्यांतून ३५० मिलिअँपिअरच्या पूर्ण क्षमतेऐवजी ३०० मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा ठरवला आणि माळेचा दाब ३२ व्होल्ट धरला, तर माळेला ९.६ वॅट लागतात. परिपथाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर बॅटरीकडून सुमारे १०.७ वॅट घ्यावे लागतील. येथे बॅटरी बारा व्होल्टची आहे असे समजून गणित करू नये. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते आणि उतरल्यावर १०.८ व्होल्टपर्यंत येते, आणि या परिपथाला सर्वांत अवघड काम पडते ते १०.८ व्होल्टला, कारण तेव्हा प्रवाह सर्वाधिक, म्हणजे सुमारे एक अँपिअर, आणि कार्यांशही सर्वाधिक, म्हणजे सुमारे ०.६७ असतो. कॉइलमधील प्रवाह प्रत्येक आवर्तनात वरखाली होतो व हा चढउतार सरासरीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १०.८ ला ०.६७ ने गुणून, आलेल्या संख्येला एक लाख आणि ०.३५ अँपिअर यांच्या गुणाकाराने भागले असता कॉइलचे मूल्य २०७ मायक्रोहेन्री येते आणि बाजारात मिळणारी २२० मायक्रोहेन्रीची कॉइल चालते. तिच्यातील प्रवाहाचे शिखर १.१५ अँपिअरच्या आसपास जाईल. मात्र कॉइल निदान दोन अँपिअरपर्यंत संपृक्त न होणारी घ्यावी. संपृक्त होणे म्हणजे गाभ्याची चुंबकत्व धारण करण्याची मर्यादा संपणे. ती मर्यादा संपली की कॉइल साध्या तारेसारखी वागू लागते, प्रवाह एकदम चढतो आणि मॉस्फेट जळतो. फेराइटच्या गाभ्याची ही मर्यादा तापल्यावर आणखी खाली येते, हे मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली टांगलेल्या डब्याच्या बाबतीत विसरून चालत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की परिपथाने स्थिर काय ठेवावे, दाब की प्रवाह? बाजारात एक्सएल ६००९ या चिपवर बांधलेले तयार मॉड्यूल स्वस्तात मिळते, त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून हवा तो दाब लावता येतो, आणि अनेक कारागीर त्यावर बत्तीस व्होल्ट लावून माळ थेट जोडतात. दिवा पेटतो, त्यामुळे काम झाले असे वाटते. परंतु एलईडीचा स्वभाव असा आहे की त्याच्यावरचा दाब किंचित वाढला तरी प्रवाह पुष्कळ वाढतो, आणि तो तापला की तोच प्रवाह वाहण्यास त्याला कमी दाब पुरतो. ही घट दर अंश सेल्सिअसला काही मिलिव्होल्ट असते. ती तीन मिलिव्होल्ट धरली आणि एलईडी चाळीस अंशांनी तापले असे मानले, तर दहा एलईडींच्या माळेची गरज १.२ व्होल्टने कमी होते. मॉड्यूल मात्र बत्तीस व्होल्टच देत राहते. परिणामी प्रवाह वाढतो, त्यामुळे एलईडी आणखी तापतात, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो, आणि काही आठवड्यांत माळेतील एखादा एलईडी काळा पडतो. म्हणून एलईडींसाठी प्रवाह स्थिर ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. त्यासाठी माळेच्या खालच्या टोकाशी एक लहान रोधक घालावा, त्यावरचा दाब हा प्रवाहाचे माप समजावा आणि स्विचची उघडमीट ठरवणाऱ्या नियंत्रक चिपला तो दाखवावा. येथेही एक खाच आहे. यूसी ३८४३ सारखी चिप तुलनेसाठी २.५ व्होल्टची अपेक्षा करते, आणि तेवढा दाब थेट रोधकावर पाडला तर ३०० मिलिअँपिअरला ०.७५ वॅट उष्णतेत वाया जातो, म्हणजे दिव्याच्या शक्तीच्या जवळपास आठ टक्के. त्याऐवजी एक ओहमचा रोधक घालून मिळणारे ०.३ व्होल्ट एलएम ३५८ या सर्वत्र मिळणाऱ्या प्रवर्धकाने सुमारे आठपट वाढवून चिपला दिले तर तोटा एक-दशांश वॅटच्याही आत राहतो.

प्रवाह स्थिर ठेवण्याचा हा निर्णय बरोबर असला तरी तो आपल्याबरोबर या परिपथातील सर्वांत मोठा धोका आणतो. माळ कोठेही तुटली, तर रोधकातून प्रवाह वाहत नाही. नियंत्रकाला प्रवाह शून्य दिसतो आणि प्रवाह कमी पडत आहे असे समजून तो कार्यांश वाढवत राहतो. बाहेर वीज घेणारे कोणी नसल्यामुळे प्रत्येक आवर्तनातील ऊर्जा कंडेन्सरवर साचत जाते आणि दाब चढत जातो, तो मॉस्फेट, डायोड किंवा कंडेन्सर यांतील जो घटक सर्वांत दुबळा असेल तो फुटेपर्यंत. आधी फुटतो तो बहुधा कंडेन्सर, कारण काटकसरीने ३५ व्होल्टचा बसवलेला असतो.

किन्हवली परिसरातील पाड्यांवर प्रस्तुत लेखकाच्या देखरेखीखाली बसवलेल्या दिव्यांत ही घटना ज्या रूपाने घडली, ते रूप कागदावरच्या विश्लेषणात सहज निसटणारे आहे. त्या दिव्यांत माळ पूर्णपणे तुटली नव्हती. बॅटरीचा डबा घरात आणि दिवा पडवीत अशी मांडणी असल्यामुळे मध्ये तारेचा जोड होता. पहिला पाऊस सुरू झाल्यावर त्या जोडाच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट गंज चढला आणि वाऱ्याने तार हलली की जोड क्षणभर सुटू लागला. सुटला की बाहेरचा दाब उसळी घेई, आणि पुन्हा जुळला की उसळलेल्या दाबाने भरलेला कंडेन्सर आपली सगळी साठवण एका क्षणात माळेत ओती. बाहेरच्या बाजूला २२० मायक्रोफॅरडचा मोठा कंडेन्सर बसवला होता, कारण मोठा कंडेन्सर चांगला ही समजूत इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात घट्ट रुजलेली आहे. समजा दाब साठ व्होल्टपर्यंत चढला आणि माळेचा स्वतःचा रोध आठ ओहम धरला, तर बत्तीस व्होल्टची माळ जुळताच पहिल्या क्षणी साडेतीन अँपिअर प्रवाह उसळतो व तो ओसरण्यास दोन-एक हजारांश सेकंद लागतात. तीनशे मिलिअँपिअरसाठी नेमलेल्या एलईडीच्या आतील केसाहून बारीक तारा असे धक्के वारंवार सोसत नाहीत. नियंत्रक, मॉस्फेट, कॉइल सारे शाबूत आणि एलईडी मात्र एकामागून एक मेलेले, असे चित्र दिसले की सगळा संशय एलईडींच्या दर्जावर जातो. या दिव्यांच्या बाबतीतही तो आधी तिकडेच गेला आणि नवे एलईडी बसवून दिवे परत पाठवले गेले.

यावरचा उपाय दुहेरी आहे. पहिला म्हणजे वरच्या दाबाला कुंपण घालणे : बाहेरच्या टोकापासून नियंत्रकाच्या अभिप्राय-टोकापर्यंत, म्हणजे ज्या पायावर प्रवाहाचे माप येते तेथपर्यंत, ३६ व्होल्टचा झेनर डायोड आणि त्याच्याबरोबर एक रोधक जोडावा. ठरावीक दाबापर्यंत वीज अडवून त्यापुढे वाट देणारा तो झेनर डायोड. बाहेरचा दाब सुमारे साडेअडतीस व्होल्टला पोहोचला की झेनर वाहू लागतो, नियंत्रकाला वाटते की प्रवाह पुरेसा आहे आणि तो हात आखडता घेतो. दहा एलईडींची माळ थंडीच्या रात्रीही साधारण चौतीस व्होल्टच्या वर जात नसल्यामुळे कुंपण आणि नेहमीचे काम यांत पुरेसे अंतर राहते. हे कुंपण धरून मॉस्फेट शंभर व्होल्टचा, डायोड साठ व्होल्टचा आणि कंडेन्सर त्रेसष्ट व्होल्टचा घ्यावा. दुसरा उपाय म्हणजे बाहेरचा कंडेन्सर आवश्यक तेवढाच ठेवणे. वरील उदाहरणात दहा मायक्रोफॅरड प्रत्यक्षात मिळाले तरी दाबातील चढउतार एक-पंचमांश व्होल्टच राहतो आणि डोळ्याला तो जाणवत नाही. 'प्रत्यक्षात' हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे, कारण सिरॅमिक कंडेन्सरवर दाब चढला की त्याची धारकता घटते, आणि पन्नास व्होल्टचा दहा मायक्रोफॅरड म्हणून विकत घेतलेला तुकडा बत्तीस व्होल्टला त्याच्या निम्माही उरत नाही असे पुष्कळदा होते. म्हणून सिरॅमिकचे दोन-तीन तुकडे समांतर लावावेत. कुंपण आणि लहान कंडेन्सर एकत्र आल्यावर जोड सुटला-जुळला तरी उसळीचा प्रवाह एक अँपिअरच्या आत राहतो आणि सेकंदाच्या दहा-हजारांश भागात ओसरतो. जोडावर ग्रीस लावणे किंवा जोड टाळून तार झाळणे हेही करावेच, पण जोड सुटणारच आहे असे धरून परिपथ रचलेला असावा.

बूस्ट कन्व्हर्टरचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे लागते, ते असे की त्याचा स्विच कायमचा उघडा ठेवला तरी बॅटरीपासून कॉइल व डायोडमार्गे माळेपर्यंत सरळ वाट मोकळीच असते. याचे दोन परिणाम होतात. पहिला हा की माळेचा सर्वांत कमी दाब बॅटरीच्या सर्वांत जास्त दाबाहून वर असलाच पाहिजे, अन्यथा नियंत्रकाला प्रवाहावर ताबाच राहत नाही. चार एलईडींची माळ तापल्यावर साडेअकरा व्होल्टच्या आसपास येते आणि चार्ज होणारी बॅटरी तर १४.४ व्होल्टवर असते. अशी माळ या परिपथावर जळणारच. पाच एलईडींची माळही सीमेवरच राहते. बॅटरी काढून दिवा थेट पॅनेलला जोडण्याची सवय असेल तर बारा व्होल्टच्या म्हणून मिळणाऱ्या छत्तीस घटांच्या पॅनेलचा मोकळा दाब एकवीस व्होल्टपर्यंत जातो हेही मोजून घ्यावे. दुसरा परिणाम असा की बाहेरच्या तारा एकमेकींना टेकल्या तर बॅटरीचा सगळा प्रवाह कॉइल व डायोडमधून वाहतो आणि नियंत्रक तो थांबवू शकत नाही. तेथे बॅटरीच्या टोकाशी बसवलेला दोन अँपिअरचा फ्यूज हाच एक आधार असतो, आणि तो वाचवण्यात काहीही शहाणपण नाही.

बॅटरी उतरत असतानाचे वर्तनही या परिपथात उलटे असते. साध्या रोधकाला दाब कमी मिळाला की तो प्रवाहही कमी घेतो. बूस्ट कन्व्हर्टरला मात्र माळेला ठरलेली शक्ती द्यायची असल्यामुळे दाब घटला की तो प्रवाह वाढवतो आणि मरणाऱ्या बॅटरीला अधिकच ओरबाडतो. दिवा शेवटपर्यंत सारखाच उजळ राहतो, म्हणून वापरणाऱ्यालाही काही कळत नाही. यूसी ३८४३ ही चिप कमी दाबाला स्वतःहून बंद पडते खरी, पण ते सुमारे ७.६ व्होल्टला. तोवर शिसे-आम्ल बॅटरीची प्लेट खराब व्हायला लागलेली असते. चिपच्या या सोयीलाच बॅटरीचे संरक्षण समजणे ही या क्षेत्रातील सर्रास होणारी गफलत आहे. बॅटरीसाठी १०.८ व्होल्टला दिवा तोडणारा वेगळा भाग हवा, आणि एकदा तुटलेला दिवा साडेबारा व्होल्टच्या वर गेल्याशिवाय पुन्हा लागता कामा नये. कारण भार निघाला की उतरलेल्या बॅटरीचा दाब काही मिनिटांत आपोआप थोडा वर येतो, आणि तोडण्याचा व जोडण्याचा दाब एकच ठेवला तर दिवा रात्रभर उघडझाप करत राहतो. तारेतील घसरण येथेच विचारात घ्यावी. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने दहा मीटरवर बॅटरी आणि दिवा जोडला तर जाऊन-येऊन रोध सुमारे एक-तृतीयांश ओहम होतो. परिपथ दिव्याजवळ ठेवला तर एक अँपिअरला एक-तृतीयांश व्होल्ट वाटेतच जातो, आणि तो बॅटरीजवळ ठेवला तर त्याच तारेतून फक्त ३०० मिलिअँपिअर वाहतात व घसरण एक-दशांश व्होल्टवर येते. परिपथ बॅटरीजवळ ठेवावा हेच श्रेयस्कर, फक्त त्यामुळे लांब तार माळेच्या बाजूला येते आणि वर सांगितलेले कुंपण अधिकच आवश्यक ठरते.

सुट्या भागांची खरेदी हा या कामातला सर्वांत गमतीचा आणि सर्वांत फसवा टप्पा आहे. किन्हवलीकडच्या माणसाने शहापूर गाठून आसनगावची लोकल धरायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुकाने हिंडायची, म्हणजे दिवस मोडतो. चुकीचा भाग आला तर पुन्हा तीच पायपीट. म्हणून चिठ्ठीवर नुसते 'डायोड' असे लिहून जाऊ नये. प्रत्येक दुकानात सहज हाती पडणारा १एन ४००७ हा डायोड पन्नास हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी आहे. सेकंदाला लाख वेळा उघडमीट होताना तो वेळेवर बंदच होत नाही, प्रवाह उलटा वाहू देतो आणि बोट भाजेल इतका तापतो. येथे शॉट्की जातीचा वेगवान डायोड हवा, पण त्यातही १एन ५८१९ हा चाळीस व्होल्टचा आहे आणि साडेअडतीस व्होल्टच्या कुंपणाशी त्याचे जमत नाही. साठ व्होल्टचा एसबी ३६० घ्यावा. यूसी ३८४२, ३८४३, ३८४४ आणि ३८४५ या चिपा दिसायला सारख्या, पायांची मांडणी सारखी, किंमतही जवळपास सारखी, आणि दुकानदार 'एकच आहे, चालेल' असे म्हणून हाती ठेवतो. प्रत्यक्षात ३८४२ आणि ३८४४ सुरू होण्यास सोळा व्होल्ट मागतात, तेव्हा बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्या जागच्या हलत नाहीत. ३८४४ आणि ३८४५ यांचा कार्यांश अर्ध्यापुढे जात नाही, त्यामुळे १०.८ व्होल्टचे साडेएकवीस व्होल्टच होतात आणि दहा एलईडींची माळ पेटत नाही. या कामाला चारांपैकी ३८४३ हीच योग्य आहे. जुन्या संगणकाच्या वीजपुरवठ्यातून काढलेली पिवळी-पांढरी रिंग कॉइलसाठी वापरता येते, ती सहजी संपृक्त होत नाही, मात्र ती लोखंडी भुकटीची असल्यामुळे शंभर किलोहर्ट्झला बरीच तापते. हिरव्या फेराइटची जी रिंग वीजपुरवठ्याच्या तोंडाशी गोंगाट गाळण्यासाठी असते, ती या कामाला निरुपयोगी आहे, कारण ती अगदी थोड्या प्रवाहाने संपृक्त होते.

नियंत्रणाच्या गणितात फार खोल जाण्याची येथे गरज नाही, तरी दोन गोष्टी टाळता येत नाहीत. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये कार्यांश वाढवला की बाहेरचा प्रवाह आधी क्षणभर घटतो आणि मग वाढतो, कारण स्विच अधिक वेळ मिटलेला राहिल्याने तेवढा वेळ कॉइल माळेपासून तुटलेली असते. उतावळा नियंत्रक ही घट पाहून कार्यांश आणखी वाढवतो आणि परिपथ हेलकावू लागतो. वरील उदाहरणात हा उलटा परिणाम साडेआठ किलोहर्ट्झच्या आसपास प्रभावी होतो, म्हणून नियंत्रकाचा प्रतिसाद दोन किलोहर्ट्झच्या आत ठेवावा. दिव्याला याहून घाई नसतेच. दुसरी गोष्ट अशी की कॉइलच्या प्रवाहाचे शिखर पाहून स्विच उघडणाऱ्या पद्धतीत कार्यांश अर्ध्याच्या पुढे गेला की एक आवर्तन लांब आणि पुढचे आखूड असा खेळ सुरू होतो व कॉइल बारीक किणकिणू लागते. आपला कार्यांश ०.६७ असल्यामुळे हे घडणारच. चिपच्या दोलकाचा करवती दाब थोडासा प्रवाहाच्या मापात मिसळणे, ज्याला उतार-भरपाई म्हणतात, हा त्यावरचा रुळलेला इलाज आहे. मांडणीबाबत एवढेच सांगणे पुरे, की मॉस्फेट, डायोड आणि बाहेरचा सिरॅमिक कंडेन्सर यांचे वर्तुळ जितके आखूड तितके चांगले, आणि भोकाभोकांच्या बोर्डावर लांब तारांनी जोडलेला परिपथ चालला नाही म्हणून गणिताला दोष देऊ नये.

अधिक उजेडासाठी माळ लांब करावी की दुसरी माळ समांतर लावावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वीस एलईडी एकसर जोडले तर दाब चौसष्ट व्होल्टच्या घरात जातो, आणि ओल्या हातांनी दिवा हाताळला जाण्याची शक्यता असलेल्या गोठ्यात किंवा पडवीत तो नेऊ नये. साठ व्होल्टच्या पुष्कळ खाली राहणे इष्ट. दोन माळा समांतर लावल्या तर मात्र दोन्हींत प्रवाह सारखा वाटला जाईल याची हमी नसते, आणि एक तुटली की तिचा वाटा दुसरीच्या वाट्याला येऊन तीही जळते. प्रत्येक माळेला तिचा स्वतंत्र प्रवाह-नियंत्रक हवा. टीव्हीच्या प्रकाशपट्ट्यांत असे अनेक माळा सांभाळणारे नियंत्रक असतात आणि माळ तुटल्याचे ओळखून ते संच बंदही करतात. हे संरक्षण निकामी करून पडदा उजळवून देण्याची युक्ती काही ठिकाणी वापरली जाते, ती दुरुस्ती नव्हे. पट्टीतील मेलेला एलईडी बदलावा, आणि शक्य असेल तर मापन-रोधक किंचित वाढवून प्रवाह थोडा उतरवावा. उजेडात फारसा फरक दिसत नाही आणि पट्टी पुष्कळ अधिक टिकते.

तयार झालेला परिपथ गिऱ्हाइकाच्या घरी जाण्यापूर्वी प्रवाहाला मर्यादा घालता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर चालवावा, आणि तो चालू असतानाच माळेची तार ओढून काढावी, पुन्हा जोडावी, पुन्हा काढावी. दाबमापी साडेअडतीसच्या आसपास थांबतो का ते पाहावे. मग पुरवठ्याचा दाब हळूहळू अकराच्या खाली आणून दिवा केव्हा तुटतो आणि परत वर नेताना केव्हा लागतो ते टिपावे. या चाचणीत जो परिपथ मरतो, तो पावसाळ्यात पाड्यावर मरणारच होता. आणि ज्याला केवळ दोन-तीन वॅटचा, मुलांच्या अभ्यासापुरता दिवा करायचा आहे, त्याने बूस्ट कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊच नये : बारा व्होल्टच्या बॅटरीवर तीन-तीन एलईडींच्या माळा आणि प्रत्येक माळेला दोन ट्रान्झिस्टरांचा साधा स्थिरप्रवाह परिपथ एवढ्यावर ते काम होते, वीस-पंचवीस टक्के शक्ती उष्णतेत जाते खरी, पण त्यात ना कॉइल असते ना उसळणारा दाब, आणि त्यातला प्रत्येक भाग शहापूरच्या दुकानात मिळतो.